घाट तोच, पेट्रोल वेगळं

मुंबईहून घोटीला येताना कसारा घाटात बॉनेट उघडून, रेडिएटरला पाणी पाजत उभी असलेली पद्मिनी... घरच्यांनी हे तुम्हाला सांगितलंच असेल. आज आपण तोच घाट एसी लावून चढतो.

का? पूर्वी पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा, आता तापमान बघून विजेवर फिरतो. आणि कार्ब्युरेटर गेला! त्याला फक्त ठरलेलं माप माहीत. आता सेन्सर धुरातला ऑक्सिजन तपासतो आणि ईसीयू क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त करतो. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यावर बाइकवरही फ्युएल इंजेक्शन सर्रास दिसू लागलं.

मग ई-२० वरून एवढी ओरड कशाला? इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. ईसीयू मिश्रण सांभाळेल, ऊर्जा कुठून आणेल? ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्के घटेल, असं २०२१ मध्ये नीती आयोगाच्याच अहवालात होतं. ऊसवाल्यांना भाव मिळावा, हे मान्यच. पण जुनी गाडी वापरणाऱ्याला पंपावर पर्याय तरी द्या ना!

सेकंडहँड बघताय? २०२३ च्या आधीची असेल तर मेकॅनिककडून इंधनाचे रबरी पाइप आणि सील आधी तपासून घ्या, रंग नंतर बघा.