कुचिंगला जाताय? आधी भरती-ओहोटी विचारा

मलेशियाला गेलेले आपले बहुतेक लोक क्वालालंपूरचे टॉवर बघून परततात. मुलं सोबत असतील तर मी बोर्निओ बेटावरचं, सारावाक नदीकाठचं कुचिंग सुचवेन.

शहरापासून साधारण 37 किलोमीटरवर बाको राष्ट्रीय उद्यान आहे. 1957 सालचं, सारावाकमधलं सर्वांत जुनं. आत जायला रस्ता नाही. बाको गावापर्यंत गाडीने आणि पुढे बोटीने. ओहोटी असेल तर बोट धक्क्याला लागत नाही, मग पाण्यातून चालत किनारा गाठायचा. म्हणून वेळा आदल्या दिवशीच विचारा, परतीची बोटही तेव्हाच ठरवा. इथे मगरी आहेत. पोहायचं नाही, नावाडी सांगेल तिथेच उतरायचं.

लोंबत्या नाकाची प्रोबोसिस माकडं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी हमखास फिरतात, त्यामुळे जमलं तर उद्यानातच एक रात्र राहा. चिवड्याची पिशवी मात्र हातात नको. मकाक माकडं हिसकावून नेतात!

ओरांगउटानसाठी सेमेंगो केंद्र. सकाळी 9 आणि दुपारी 3 वाजता त्यांना खाऊ ठेवतात. पण जंगलात फळं पिकली असतील तर ते फिरकतही नाहीत. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा.