पथ्य कोणी सांभाळायचं?



शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याच्या बागेत मी रोज सकाळी चालते. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी चालणं औषधासारखंच लावून दिलं आहे.

झटक्यानंतरची काळजी समजावून देणारा वर्ग रुग्णालयात होता. पुरुष रुग्णांशेजारी त्यांच्या बायका बसून मीठ किती, तेल किती, ते लिहून घेत होत्या. माझ्या शेजारी कुणीच नव्हतं. माझं पथ्य मलाच सांगितलं. घरी ते मीच शिजवलं, आणि बाकीच्यांसाठी वेगळी भाजीही!

हृदय-पुनर्वसन म्हणजे नुसत्या गोळ्या नव्हेत. बेताबेताने वाढवलेला व्यायाम, आहार, तंबाखू-मिश्री सोडणं, मनाला आधार, हे सारं त्यात येतं. त्याने पुन्हा दवाखान्यात भरती होण्याचा आणि मृत्यूचा धोका कमी होतो. तरी जगभर या वर्गांना बायका पुरुषांपेक्षा कमीच येतात. त्याचं एक मोठं कारण म्हणजे घरकामातून सुटका नाही. आपला झटकाही पुष्कळदा ओळखला जात नाही. छातीत दुखण्याबरोबर, किंवा त्याशिवायही, धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, विलक्षण थकवा ही लक्षणं असू शकतात. आपण म्हणतो, पित्त झालं असेल. असं झालं तर थांबू नका, 108 ला फोन करा.

आपली मागणी साधी आहे. बाई रुग्ण असेल तेव्हा नवऱ्याला आणि मुलांना वर्गात बसवा. दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सगळ्या घरालाच हिताचं आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढं विचारू या: पैसे वाचवायला गोळी कुणी कुणी चुकवली?