अण्णांचीं पावलें

आमचे थोरले बंधू अण्णा यांना ७८ वें वर्ष लागलें आणि त्यांचीं पावलें जणूं जमिनीस चिकटूं लागलीं. उंबरठ्यापाशीं ते खोळंबत. वळतांना लहान लहान पांचसहा पावलें टाकीत. पुढें लघवी आवरेनाशी झाली, सांगितलेलें ध्यानांत राहीना. घरांत सर्वांनीं एकच निदान केलें : वय! चाळीस वर्षें मुलांच्या चुका आम्हीं तपासल्या; ही कांहीं आमच्या लक्षांत आली नाहीं.

डॉक्टरांनीं निराळेंच सांगितलें. मेंदूच्या पोकळ्यांत एक स्वच्छ द्रव अहोरात्र झरत असतो. मोठ्या माणसांत तो दिवसाकांठीं सुमारें अर्धा लिटर उत्पन्न होतो व शोषलाही जातो. हा निचरा बिघडला म्हणजे पोकळ्या फुगतात. सुईनें मोजलेला दाब मात्र बहुधा वाढलेला नसतो. म्हणून नांव ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’. (शेवटच्या शब्दांत ग्रीक भाषेंतील पाणी व मस्तक एकत्र आलीं आहेत; आमच्यासारख्या व्युत्पत्तिवेड्यास तेवढाच विरंगुळा.) कोलंबियांतील सालोमोन हाकिम यांनीं हा विकार ओळखला व १९६५ सालीं अमेरिकेंतील सहकाऱ्यांसह तो वैद्यकजगापुढें मांडला.

प्रथम कमरेंतून थोडा द्रव काढून अण्णांस चालावयास लावलें. पाऊल उचललें! मग शस्त्रक्रिया झाली. मेंदूंतून कातडीखालून पोटापर्यंत बारीक नळी, मध्यें झडप.

खरी परीक्षा घरीं आल्यावर सुरू झाली. अण्णा उठले कीं चारी बाजूंनीं गजर, ‘पडाल, बसा!’ पाणी हातांत, ताट पलंगावर. त्यांत आम्हीही होतों. व्यायाम शिकवावयास येणारी मुलगी एके दिवशीं स्पष्टच म्हणाली, ‘आजोबांना बसवूनच ठेवायचं होतं, तर नळी घातली कशाला?’ आम्ही निरुत्तर झालों. त्याच दिवशीं वाटेंतील सतरंजी उचलली, न्हाणीघरांत दांडा बसविला.

वहिनींचें दुःख वेगळें. त्यांस जुने अण्णा परत हवे होते. २०२५ सालीं ९९ रुग्णांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत नळी सर्वांस घातली, परंतु निम्म्यांची झडप तीन महिने जवळजवळ बंद ठेविली. उघड्या झडपेच्या रुग्णांची चाल स्पष्ट सुधारली. स्मरणशक्तींत मात्र तसा फरक दिसला नाहीं. मेंदूभोंवतीं रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यांतच अधिक आढळला. हें वहिनींस सांगणें आम्हांस जड गेलें. त्या एवढेंच म्हणाल्या, ‘रात्री ते आपले आपण मोरीपर्यंत वेळेवर पोंचतात, मला झोप लागते. तेवढंही पुष्कळ आहे, भाऊजी.’

ज्यांच्या घरीं अशी नळी आहे त्यांनीं नवी डोकेदुखी, ताप, गुंगी किंवा पुन्हां अडखळणारी चाल दिसतांच शस्त्रक्रिया करणाऱ्यांस गांठावें. कांहीं झडपा चुंबकानें जुळविल्या जातात, तेव्हां एम. आर. आय. पूर्वीं नळीची गोष्ट अवश्य सांगावी.

गेल्या गुरुवारीं अण्णा आमच्यासह पिंपळाच्या पारापर्यंत आले. वाटेंत त्यांनीं तीनदां विचारलें, ‘शाळा सुटली का रे?’ परततांना उंबरठा मात्र त्यांनीं आमच्या आधीं ओलांडला.