सुवर्णप्राशनापूर्वी एक प्रश्न

आपल्यापैकी अनेक वैद्य पुष्य नक्षत्राच्या दिवशी बालकांना सुवर्णप्राशन करवितात. काश्यपसंहितेतील लेहाध्यायात या विधीचे फल सांगताना, बालक एका महिन्यात मेधावी व सहा महिन्यांत 'श्रुतधर' होते, म्हणजे ऐकलेले धारण करू लागते, असे म्हटले आहे. हे फल आपण पालकांना उत्साहाने सांगतो. परंतु ज्यास ऐकूच येत नाही ते बालक श्रुतधर कसे होणार? जिभेवर थेंब सोडण्यापूर्वी त्याच्या कानांची चौकशी आपण करतो काय? आमच्यापुरते सांगावयाचे तर, कित्येक वर्षे आम्ही ती केली नव्हती.

देवरी तालुक्यातील एका खेड्यातून दीड वर्षाच्या मुलास घेऊन एक कुटुंब आमच्याकडे आले होते. मूल हसतमुख, चालते-फिरते. केवळ शब्द उच्चारीत नव्हते. आजीबाई म्हणाल्या, "याचा बाप बी उशिराच बोल्ला जी, डाक्टरसाहेब." आम्हीही ते ग्राह्य धरले, जिव्हाजाड्य समजून वेखंड मधातून चाटविण्यास दिले आणि पुढे ब्राह्मीघृत सुरू केले. टाळी वाजविली की मूल वळत असे. ते आमच्या हातांची हालचाल पाहून वळते, हे आमच्या ध्यानात आले नाही. पुढे अडीच वर्षांचे असताना नागपूरला 'बेरा' चाचणी झाली आणि दोन्ही कानांचे तीव्र बाधिर्य निष्पन्न झाले. दिलेल्या औषधांनी अपाय झाला नाही, हे खरे. परंतु आमच्या हाती असलेले एक वर्ष गेले.

जन्मजात, कायमचे व लक्षणीय बाधिर्य हजार बालकांमागे सुमारे एक-दोघांत आढळते. ते डोळ्यांस दिसत नाही. बहिरे बालकही पहिले काही महिने हुंकारते, किलबिलते, आणि त्यामुळे घरातील माणसे निश्चिंत राहतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील मुलांचा जो अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांचा भाषाविकास नंतर निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस आढळला. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र वा अन्य उपाय, हे वेळापत्रक आज जगभर मान्य आहे. काश्यपांचे सहा महिने आणि हे सहा महिने यांची जुळणी केवळ योगायोगाची असेल. आम्ही तिच्यावरून कोणताही सिद्धांत मांडत नाही. मात्र पालकांना समजावताना ती उपयोगी पडते.

आपल्या संहितांत श्रवणपरीक्षा शोधण्याचा मोह काहींना होतो. चरकांनी शारीरस्थानात नवजाताच्या कर्णमूलाशी दोन दगड एकमेकांवर आपटावयास सांगितले आहे. तो प्राणप्रत्यागमनाचा उपचार आहे. त्यास श्रवणपरीक्षा म्हणणे ही ओढाताण होय. काश्यपांच्या वेदनाध्यायात कर्णवेदनेची लक्षणे सुंदर सांगितली आहेत: बालक हातांनी कान स्पर्शिते, मस्तक फिरविते, त्यास झोप येत नाही. पण जन्मतः बहिऱ्या बालकाचे कान दुखत नाहीत. त्यामुळे ही लक्षणे येथे कामास येत नाहीत. उत्तरकालीन ग्रंथकारांनी बाल्यावस्थेतील बाधिर्य चिकित्सेस वर्ज्य मानले. ही असाध्यता त्यांच्या हाती असलेल्या औषधांपुरती होती. श्रवणयंत्र व कर्णावर्त-रोपण त्यांच्यासमोर नव्हते.

म्हणूनच औषधविक्रेत्या बंधूंस विनंती आहे की तान्ह्या बालकास "ऐकू कमी येते" म्हणून कोणी बिल्वतैल मागितले, तर बाटली देण्यापूर्वी चाचणी झाली काय हे अवश्य विचारावे. कर्णपूरणाने बंद अंतःकर्ण उघडत नाही. शिवाय कानात तेल असता पुढील तपासणीतही व्यत्यय येतो.

चाचणी सोपी आहे. निजलेल्या बाळाच्या कानात लहानशी नळी ठेवून सूक्ष्म ध्वनी सोडतात व अंतःकर्णातून परतणारा प्रतिध्वनी यंत्र टिपते. तीस ओएई म्हणतात. वेदना नाही, टोचणे नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी कानात द्रव असल्यास निकाल प्रतिकूल येऊ शकतो, म्हणून ती पुन्हा करावी लागते. एका निकालावरून घरच्यांस घाबरवू नये. उलट, तीव्र कावीळ झालेल्या वा अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बालकांत अंतःकर्ण ठीक असून नाडीत दोष असू शकतो. तेथे ओएई अनुकूल आली तरी 'बेरा' आवश्यक ठरते. केवळ अशा जोखमीच्या बालकांचीच तपासणी करू, असेही म्हणता येत नाही, कारण जन्मतः बहिऱ्या बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांत जोखमीचे कोणतेही कारण सापडत नाही.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बाधिर्य आहे, आणि त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यच असतात; आपलेच सहाध्यायी तेथे काम करतात. परंतु पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जाते. सालेकसा वा अर्जुनी मोरगावच्या आडगावातील बाळ तेवढ्यात सहा महिन्यांची मर्यादा ओलांडून जाते. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. चाचणी नेमकी कोठे व कोणत्या वारी होते, याची खात्री प्रत्येकाने दूरध्वनीवरून स्वतः करून घ्यावी. भाताच्या रोवणीची मजुरी बुडवून आलेल्या आईस रिकाम्या हाताने परत पाठविले, तर ती पुन्हा येत नाही.

कोची येथे बालरोगतज्ज्ञांनी २००३ पासून एकच यंत्र निरनिराळ्या प्रसूतिगृहांत फिरवून नवजातांची तपासणी केली. आठ तालुक्यांच्या आपल्या जिल्ह्यात वैद्य व विक्रेते यांनी वर्गणीने असे एक यंत्र घेणे अशक्य नाही, असे आम्हास वाटते. ते चालविण्यास प्रशिक्षित व्यक्ती मिळविणे हाच त्यातील कठीण भाग आहे, आणि त्याचा विचार संघटनेच्या बैठकीत व्हावा.

तोपर्यंत सुवर्णप्राशनाच्या कार्डावर 'श्रवणचाचणी: दिनांक, निकाल' असे दोन रकाने छापून घ्यावेत. जुनी कार्डे संपेपर्यंत रबरी शिक्क्याने काम भागते. आम्ही तसेच करीत आहोत.