नुसता एप्रन

"एक नुसता एप्रन तर शिवायचाय, कापड मी देते की!"

हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी एक मावशी, एक आत्या, दोन वहिन्या आणि एका मैत्रिणीच्या जावेकडून ऐकलंय. यातल्या निम्म्या जणी हा ब्लॉग वाचतात. तोंडावर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहून टाकते. रागावलात तरी पोस्ट काढणार नाही, आधीच सांगते :-)

माझं भांडण त्या 'नुसता' या शब्दाशी आहे. या वाक्यात कापडाला किंमत आहे, शिवणाऱ्या बाईच्या वेळेची किंमत मात्र शून्य धरलेली आहे.

आता हा 'नुसता' एप्रन काय असतो ते बघा. ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड असेल तर एका एप्रनला एक मीटर पुरतं. ते आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. ओल्या पांढऱ्या फडक्याने छापा घासून बघायचा, रंग सुटतोय का म्हणून. वर्तमानपत्रावर अर्ध्या एप्रनचा आकार काढायचा, कापड दुमडून त्यावर ठेवायचा आणि कापायचा. छाप्यावर मोर किंवा कोयऱ्या असतील तर त्यांची डोकी वर आहेत ना ते बघायचं. कापड वाचवायला खिसा उलटा कापला तर पोटावर मोर शीर्षासन करतात. बगलेच्या गोलाईला सरळ पट्टी बसत नाही, उरेब पट्टीच लागते. बंद शिवून उलटवणं हा तर स्वतंत्र छळ आहे, सेफ्टी पिन आत सरकवत बसायचं. मग खिसा, मग इस्त्री. एवढ्याला माझे अडीच-तीन तास जातात, आणि मशीन रोज चालवणारी बाई आहे मी.

दुसरा एक पक्ष आहे. "बाजारात शंभर-सव्वाशेला मिळतो, कशाला डोळे फोडतेस?" वरवर बघता हा पहिल्याच्या उलट वाटतो, पण हिशोब तोच. तो स्वस्त एप्रनही कुणीतरी शिवलेलाच असतो ना! अशी कामं कितीतरी बायका घरी बसून, नगावर करतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावं म्हणून १९९६ साली करार केला, क्रमांक १७७. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

आपल्या कोल्हापूरला कापडाचं कौतुक केवढं! इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, हे आपण अभिमानाने सांगतो. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेली मिल २००३ साली बंद पडली, त्याची हळहळ आजही निघते. गांधीनगरला कापड घ्यायला कुठून कुठून माणसं येतात. विणणाऱ्याचं नाव इतिहासात आहे, विकणाऱ्याचं पाटीवर आहे. शिवणारीचं कुठे आहे?

आणि हा प्रश्न शिवणापुरता नाही. सरकारच्याच वेळ-वापर पाहणीत, घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला दिवसाला सरासरी वेळ २०१९ मध्ये २९९ मिनिटं होता, ते करणाऱ्या पुरुषांचा ९७. पुढची पाहणी २०२४ ची. बायका २८९, पुरुष ८८. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली!! एवढ्या कामातून उरलेले तीन तास कुणी हक्काने मागितले, तर ते कुठून आणायचे?

"अगं, घरच्यांत कसले पैसे? प्रेमाने द्यायचं." हेही ऐकून झालंय. प्रेमाने देतेच मी. भाचीच्या बाळाला झबली दिली, सासूबाईंना दोन एप्रन दिले, कुणी मागितले नव्हते. देणारीने ठरवलं तर ती भेट. मागणारीने माप, रंग आणि तारीख ठरवली तर ती ऑर्डर, आणि ऑर्डरची मजुरी असते. ब्लाउज शिवायला टाकताना टेलरला कुणी प्रेमाचं सांगत नाही.

तर मंडळी, तीन रस्ते आहेत. एक, या आणि शिका. कागदाचा कटिंग फुकट देते, मशीन देते, चहाही देते. दोन, वेळेला वेळ. मी एप्रन शिवते, तुम्ही माझे दहा किलोचे तिखट-मसाले कांडपातून आणून चाळून द्या. तीन, रोख मजुरी, जवळच्या टेलरच्या दराने, नात्याची सवलत नाही.

तिसऱ्या रस्त्याने अजून कुणी आलेलं नाही. पहिल्या रस्त्याने धाकटी वहिनी आली, आणि आता "मला पण एक शिवून दे" असे फोन तिला यायला लागलेत. तिचा दर तिने ठरवावा. माझ्यापेक्षा जास्त ठरवला तर मला आनंदच आहे.