ठाणें कीं रायगड?

नव्या मुंबईंत बिऱ्हाड केलेल्या आमच्या वाचकांस “आपला जिल्हा कोणता?” असें विचारलें, तर पुष्कळांस क्षणभर थांबावें लागेल. त्यांत त्यांचा दोष नाहीं. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हीं ठाणें जिल्ह्यांत. आणि बेलापुरापुढचें स्टेशन जें खारघर, तें रायगड जिल्ह्यांत. एकाच शहराचें एक दप्तर ठाण्यास, तर दुसरें पार समुद्रकांठीं अलिबागेस!

हा घोळ आजचा नव्हे. कुलाबा जिल्हा १८६९ सालीं ठाण्यांतून वेगळा निघाला, तेव्हां पनवेल व उरण ठाण्याकडेच राहिलीं होतीं. १८८३ सालीं तीं कुलाब्यास जोडण्यांत आलीं. त्याच कुलाब्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. इंग्रजी अंमलांत ओढलेली ती रेघ नव्या शहराच्या आराखड्यासही पुसतां आली नाहीं.

भूगोल मात्र ही रेघ मानीत नाहीं. पूर्वेस पारसिकाचा डोंगर व दक्षिणेकडे खारघरचे कडे, पश्चिमेस ठाण्याची खाडी, आणि मध्यें सखल पट्टी. भरतीचें पाणी आंत शिरूं नये म्हणून येथील आगरी-कोळ्यांनीं मातीचे बांध घातले, त्यांस उघाड्या ठेविल्या, आणि पावसानें खारेपणा धुवून निघाला कीं भात लाविलें. भात होईना तेथें मीठ पिकविलें. उधाणांत बांध फुटला, तर खाऱ्या पाण्यानें केलेली जमीन पुन्हां नासावयाची! ‘ओसाड दलदलींतून शहर उभें केलें’ असें जें सर्रास लिहिलें जातें, तें आम्हांस खटकतें तें यामुळेंच.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं १९६५ च्या सुमारास खाडीपलीकडील शहराची कल्पना मांडिली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांची सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमि नेमण्यांत आली. मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकरी उठले. दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखालीं चाललेल्या लढ्यांत जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या परिसरांत गोळीबार होऊन पांच जण प्राणांस मुकले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याचें तत्त्व मान्य झालें, तें त्यानंतर.

तुर्भें, सानपाडा, घणसोली, कोपरखैरणें हीं स्टेशनांचीं नांवें त्याच गांवांचीं होत. गांवठाणें अद्यापि उंच इमारतींच्या गर्दींत तग धरून आहेत. पनवेलकडे मात्र विमानतळासाठीं उलवें नदीचें पात्र वळविण्यांत आलें, टेकडी कापण्यांत आली, आणि कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वाघिवली आदि गांवें उठून दुसरीकडे वसलीं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. तालुक्याच्या जुन्या नकाशांत ती टेकडी व तें नदीचें वळण अजून आहे.