'मोमेंट'चे वजन

इंग्रजी साहित्याच्या वर्गात 'मोमेंट', 'डिटेल', 'न्युआन्स' हे शब्द इतक्या सैलपणे वापरले जातात की त्यांनाही काही इतिहास असेल, अशी शंका सहसा कुणास येत नाही. मोमेंट म्हणजे क्षण, डिटेल म्हणजे तपशील, न्युआन्स म्हणजे छटा. एवढ्यावर काम भागते. निदान पहिल्या शब्दाच्या बाबतीत तरी हे समाधान वाचनाचे प्रत्यक्ष नुकसान करते, असे आमचे मत आहे.

लॅटिनमधील 'मोमेंटुम' हा शब्द 'हलणे' या अर्थाच्या धातूपासून आला. गती हा त्याचा एक अर्थ. तराजूचा काटा हलवण्यापुरते किंचित वजन, हा दुसरा. पारडी समतोल असताना एकीत पडलेला कण आकाराने नगण्य खरा, परंतु निकाल तोच लावतो. म्हणूनच या एका शब्दातून 'काळाचा लहानसा अंश' आणि 'महत्त्व' असे दोन अर्थ निघाले. मध्ययुगीन युरोपात तर मोमेंट हे कालगणनेतील माप होते: तासाचा 40वा भाग. इंग्रजीने दोन्ही अर्थ सांभाळले. 'मोमेंटरी' म्हणजे क्षणिक, तर 'मोमेंटस' म्हणजे अतिशय महत्त्वाचे.

हॅम्लेटच्या सर्वपरिचित स्वगताच्या शेवटी हा शब्द येतो तो महत्त्व या अर्थानेच. अतिविचाराने ज्यांचा प्रवाह भरकटतो ती कार्ये वजनदार आहेत, असे तिथे म्हणायचे आहे. 'क्षण' एवढेच ठाऊक असलेला विद्यार्थी त्या ओळीशी अडखळतो, किंवा (हे अधिक वाईट) न अडखळताच पुढे जातो. आपल्याकडेही वजन आणि काळ यांची अशी सोयरीक आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'पल' हे वजन आहे; पंचांगातले 'पळ' म्हणजे 24 सेकंद. शिक्षकाने एवढे सांगितले तरी मोमेंटची गाठ सुटू शकते.

'व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे' हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. 'नाइस' हा शब्द मुळात 'अजाण' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, इंग्रजीत आधी 'मूर्ख' या अर्थाने वावरला, मग 'सूक्ष्म, काटेकोर' झाला आणि अखेर नुसता 'छान' होऊन बसला. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'त हेन्री टिल्नी त्याच्या या सरसकट वापराचीच थट्टा करतो. तेव्हा मूळ शोधायचे ते आजच्या अर्थावर लादण्यासाठी नव्हे. ज्या काळचे पुस्तक हाती आहे, त्या काळी शब्द कुठवर आला होता हे पाहण्यासाठी.

न्युआन्सच्या मुळाशी ढग या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे, तेव्हा 'छटा' हा प्रतिशब्द चांगलाच जुळतो. डिटेलमध्ये कापून तुकडे करणे आहे. 'टेलर' त्याच कुळातला. 'स्क्रूपल'चे मात्र आम्हांस विशेष वाटते. लॅटिनमध्ये तो टोकदार खडा. पुढे औषधविक्रेत्यांच्या तराजूतले 20 ग्रेनचे वजन. आणि मनाच्या संदर्भात, पावलाखाली खडा रुतावा तशी अस्वस्थता. अनुवादक इथे सर्रास 'सदसद्विवेकबुद्धी' योजतात. 'टोचणी' हा शब्द आपल्यापाशी असताना त्या जडजंबाळ समासाकडे का वळावे, हे आम्हांस उमगलेले नाही.